खानदेशांतील मोहरम : उपलब्ध साधनांची छाननी

मोहरम हा शब्द आमच्या वाचकांच्या डोळ्यांखालून जितक्या वेळां जातो तितक्या वेळां तो दुसऱ्या कोणाच्या क्वचितच जात असेल. रुमाल सोडावा, पत्र उलगडावें आणि मितीकडे नजर टाकावी. 'छ' या खुणेपुढें आंकडा, आणि त्यापुढें मोहरम, सफर, रबिलावल यांपैकीं एखादें नांव ठरलेलें. मग जंत्री उघडावी, इंग्रजी तारीख काढावी, ती समासांत टिपावी आणि पुढचें पत्र हातीं घ्यावें. हा परिपाठ इतका अंगवळणीं पडला आहे कीं, ज्या महिन्याचें नांव आम्ही रोज वाचतों त्या महिन्यांत पत्र लिहिणाऱ्याच्या गांवीं काय चाललें असेल, हा प्रश्न आम्हांस सहसा सुचत नाहीं.

प्रस्तुत लेखांत हा प्रश्न खानदेशापुरता घेण्याचें योजिलें आहे. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढें जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. या मुलुखांतील मोहरमविषयीं लिहूं पाहणारा अभ्यासक ज्या साधनांकडे प्रथम वळतो, त्यांची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, एवढाच आमचा विषय. आमचें म्हणणें आरंभींच सांगतों, म्हणजे वाचकांस तें पारखून घेतां येईल. छापील ग्रंथांनीं मोहरम एक तर दुसऱ्या प्रांताचा दाखविला आहे, किंवा जातींच्या खणांत तोडून ठेवला आहे. आणि सरकारी कागदांत तो मुख्यत्वें तंट्याच्या निमित्तानें शिरला आहे. जेथें तंटा झाला नाहीं तेथें कागदहि फारसा झाला नाहीं. त्यामुळें केवळ कागदांवरून काढलेलें अनुमान वस्तुस्थितीहून अधिक भांडखोर निघतें.

(१) सण कीं शोक

छाननीपूर्वीं एका शब्दाची सफाई करणें अवश्य आहे. मोहरम हा हिजरी वर्षाचा पहिला महिना. त्याची दहावी तारीख ती आशुरा. हिजरी ६१ सालीं, म्हणजे इ. स. ६८० च्या ऑक्टोबरांत, पैगंबरांचे नातू इमाम हुसेन हे करबला येथें या दिवशीं मारले गेले. सरकारी दिनदर्शिकेंत हा सुटीचा दिवस आहे, आणि मराठी बोलण्यांत "मोहरमचा सण" असा प्रयोग रूढ आहे. परंतु मूळ प्रसंग शोकाचा आहे, हें विसरून लिहिलेलें वर्णन पहिल्या ओळींतच चुकतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, हा दिवस पाळणारे सर्व लोक तो एकाच रीतीनें पाळीत नाहींत. जळगांव, धुळें यांसारख्या व्यापारी शहरांतून राहणारे दाऊदी बोहरी हे शिया पंथाचे. ते मोहरमच्या पहिल्या दहा दिवसांत आपल्या मशिदींत जमून करबलेवरील वाझ ऐकतात व शोक करतात. ताबूत मात्र काढीत नाहींत. सुन्नी घराण्यांत कित्येक जण नवव्या व दहाव्या तारखेस रोजा धरतात, फातेहा देतात, रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यास सरबत पाजतात, खिचडा शिजवून वांटतात. तिसरा वर्ग ताबूत, पंजे व सवाऱ्या बसविणाऱ्यांचा. चौथा वर्ग त्याच सुन्नी समाजांतील, पण ताबूत बसविणें शरियतीस धरून नाहीं, या उलेमांच्या मतास अनुसरून त्यांपासून दूर राहणाऱ्यांचा. हा वर्ग अलीकडे वाढत गेलेला आहे. या चौघांखेरीज ताबुतास नवस बोलणारे, आपल्या मुलास दहा दिवस फकीर करणारे हिंदु शेजारी दख्खनच्या गांवोगांवीं पूर्वापार आहेत. तात्पर्य, "खानदेशचे मुसलमान मोहरम असा करतात" या वाक्याचा कर्ता कोण, हें ठरविल्याशिवाय त्याचें क्रियापद लिहितां येत नाहीं. पुढील ग्रंथांची परीक्षा आम्ही याच कसोटीवर करणार आहों.

(२) 'कानून-ए-इस्लाम'

दख्खनच्या मोहरमविषयीं लिहिणारा प्रत्येक जण या ग्रंथाचा आधार घेतो. तो एलोर येथील जाफर शरीफ यांनीं दखनी भाषेंत रचिला. मद्रासकडील शस्त्रवैद्य हर्क्लॉट्स यांनीं त्याचें इंग्रजी करून १८३२ सालीं लंडन येथें छापविलें. ग्रंथाची योग्यता मोठी आहे. लिहिणारा त्याच समाजांतला असल्यामुळें चंद्र दिसतांच अलाव्याची जागा कशी खणतात, पंजे व नाल कसे बसवितात, फकिरी कशी घेतात, कत्तलच्या रात्रीं काय होतें, दहाव्या दिवशीं ताबूत पाण्यावर नेऊन थंडे कसे करतात, हें सारें आंतून पाहिलेल्या माणसाच्या बारकाव्यानें आलें आहे.

परंतु या साक्षीस दोन मर्यादा आहेत, आणि त्या आमच्यांतील लेखक बहुधा पाळीत नाहींत. पहिली मर्यादा स्थळाची. एलोर हें आंध्र किनाऱ्याकडील गांव. तेथें जें पाहिलें तें तापी-गिरणेच्या कांठींहि तसेंच होतें, असें गृहीत धरण्यास अन्य पुरावा पाहिजे. दुसरी मर्यादा आवृत्तीची, आणि ही हस्तलिखितांच्या अभ्यासकांस विशेष पटेल. १९२१ सालीं विल्यम क्रुक यांनीं या ग्रंथाची नवी आवृत्ति ऑक्सफर्ड येथें काढली. तींत त्यांनीं प्रकरणांचा क्रम बदलला आणि हिंदुस्थानच्या इतर भागांतील माहितीची भर घातली. वाचण्यास ही आवृत्ति सोयीची आहे. पण जाफर शरीफ यांचें म्हणणें कोणतें व क्रुक यांनीं जोडलेलें कोणतें, हें तींत पदोपदीं पाहावें लागतें. एखाद्या बखरीच्या मूळ प्रतींत नंतरच्या नकलकारानें इतर बखरींतील मजकूर घातला असतां आम्ही त्या प्रतीस जसें वागवितों, तसेंच हिलाहि वागविलें पाहिजे. १९२१ च्या पानाचा आधार देऊन "एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दख्खनमध्यें असें होतें" असें लिहिणें म्हणजे प्रक्षिप्तास मूळ मानणें होय. आधार द्यावयाचा तर १८३२ च्या प्रतीचा द्यावा.

(३) गॅझेटियर

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा भाग खानदेशाचा. तो कॅम्बेल यांच्या देखरेखीखालीं १८८० सालीं प्रसिद्ध झाला. खानदेशाचा कोणताहि अभ्यास त्यावांचून होत नाहीं, आणि आम्हीहि त्याचे ऋणी आहों. जमीन, पीक, बाजार, रस्ते, किल्ले यांविषयींची त्याची माहिती आजहि उपयोगीं पडते. मोहरमसारख्या विषयांत मात्र त्याची रचनाच आड येते.

या मालिकेंत लोकांची माहिती जातवार दिली आहे. मुसलमानांचेंहि तसेंच : बोहरी, मण्यार, पिंजारी, मोमीन, तडवी असे परिच्छेद, आणि प्रत्येकांत धंदा, पोशाख, पंथ यांची नोंद. महसुली अंमलदारास ही मांडणी सोयीची होती. परंतु ताबूत हा कोण्या एका जातीचा नव्हे. त्याचा कळक व कामट्या एकाच्या हातच्या, कागद व बेगड दुसऱ्याच्या दुकानची, वाजंत्री तिसऱ्यांची, खांदा चौथ्यांचा, नवस कोणाचाहि. जातवार खणांत वस्तु घातली कीं, जें सर्वांनीं मिळून केलें तें कोणाच्याच खणांत बसत नाहीं, आणि वाचकाचा समज होतो कीं तें नव्हतेंच. हा लेखकाचा अप्रामाणिकपणा नव्हे. कप्प्यांच्या पेटीचा हा दोष आहे.

दुसरा दोष निवाड्याचा. अमुक लोक सुन्नी हनफी पंथाचे, काजीस मानणारे, पण धर्मनियम पाळण्यांत ढिले, अशा ठशाचीं वाक्यें या मालिकेंत वारंवार भेटतात. यावल, रावेर, चोपडें या तालुक्यांतून सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या तडव्यांस तर असल्या निवाड्याचा फटका अधिक बसला. भिल्ल परंपरा आणि इस्लाम हीं दोन्ही ज्यांच्या घरीं नांदतात, त्यांस "नांवाचे मुसलमान" म्हणून मोकळें होण्याची लेखकांची संवय जुनी आहे. इतिहासाच्या दृष्टीनें या शब्दांत साक्ष कांहींच नाहीं. मोहरमच्या दहा दिवसांत तडव्यांच्या वाडींत काय होतें आणि काय होत नाहीं, ही नोंद म्हणजे साक्ष. त्यावरून ते पुरे मुसलमान कीं अपुरे, हें ठरविणें इतिहासकाराचें काम नव्हे.

निराळ्या हातीं हेंच काम किती निराळें होतें याचा दाखला त्याच मालिकेंत आहे. नवव्या भागाचा दुसरा खंड १८९९ सालीं निघाला. त्यांतील गुजराथच्या मुसलमानांचें प्रकरण खानबहादूर फजलुल्ला लुत्फुल्ला फरीदी यांनीं लिहिलें. त्यांत चालीरीति, समजुती व सणवार यांना ऐसपैस जागा मिळाली आहे. सरकार तेंच, मालिका तीच, संपादकहि कॅम्बेलच; फरक पडला तो माहीतगाराच्या हातीं लेखणी आल्यानें. खानदेशाच्या वांट्यास असा फरीदी आला नाहीं. आमच्याच खानदेशांत अमळनेरीं ज्यांची हयात गाजली त्या साने गुरुजींनीं 'इस्लामी संस्कृति' लिहिली, ही मोठ्या मनाची गोष्ट झाली. परंतु तिचा रोंख पैगंबरांच्या चरित्राकडे आहे, शेजारच्या मोहल्ल्याकडे नाहीं. गुजराथचें किंवा एलोरचें वर्णन खानदेशास लावण्याचा मोह होतो, तो ही जागा रिकामी राहिल्यामुळें. तोच मोह सांगली जिल्ह्यांतील कडेगांवच्या उंच ताबुतांविषयीं होतो. ते प्रसिद्ध आहेत, त्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; पण म्हणून कडेगांव वाचून एरंडोल रंगवूं नये.

(४) चांदरात आणि जंत्री

आतां आमच्या घरच्या साधनांकडे, म्हणजे मराठी दप्तरांकडे वळूं. येथें मोहरम पानोपानीं आहे. पण तो तारखेपुरता. ती तारीखहि आम्ही पुरी समजून घेत नाहीं, असें म्हणण्याचें धाडस करतों.

हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचें. म्हणून मोहरम दरसाल दहा-अकरा दिवस मागें सरतो आणि सुमारें तेहतीस वर्षांत सर्व ऋतु फिरून येतो. मराठी कारकुनानें महिने हिजरी घेतले, पण शुहूर साल बदललें तें मृगास. यामुळें आमच्या पत्रांत मोहरम वर्षाच्या आरंभीं येईलच असें नाहीं. तो सालाच्या मध्यें वा अखेरीस कोठेंहि सांपडतो. हें सर्वांस ठाऊक आहे. कमी लक्ष जातें तें पुढील दोन गोष्टींकडे.

एक, हिजरी दिवस सूर्यास्तास लागतो. लोक ज्यास नवव्या दिवसाची रात्र म्हणतात ती कत्तलची रात्र हिजरी गणनेनें दहाव्या तारखेची आहे. तेव्हां मोहरमच्या दिवसांतील रात्रीच्या हकीकतीवर नववी तारीख असो वा दहावी, पत्र लिहिणाऱ्यानें दिवस सूर्यास्तापासून मोजला कीं सूर्योदयापासून, हें त्याच दप्तरांतील इतर पत्रांवरून ठरविलें पाहिजे. दुसरें, मोडकांची काय किंवा खऱ्यांची काय, जंत्री गणितावर चालते. चंद्र पाहून महिना धरणारा गांव आकाशावर चालतो. पावसाळ्यांत ढगांनीं चंद्र दडला तर एका दिवसाचा फरक सहज पडतो. जंत्रीशीं तारीख जुळली नाहीं म्हणजे लिहिणारा चुकला, असें म्हणण्याची घाई करूं नये. त्यास चंद्र उशिरां दिसला असेल.

हा फरक जुन्या काळींच संपला नाहीं. बोहऱ्यांचें मिसरी पंचांग गणिताचें आहे : महिने आळीपाळीनें तीस व एकोणतीस दिवसांचे, आणि तीस वर्षांच्या फेऱ्यांत अकरा वर्षें एकेका दिवसानें मोठीं. चंद्र पाहणाऱ्या सुन्नींच्या मानानें त्यांची आशुरा बहुधा एक-दोन दिवस आधीं येते. एकाच बाजारपेठेंत एक दुकान मंगळवारीं बंद आणि त्याच्या शेजारचें गुरुवारीं, असें कोणी नोंदलें असेल तर त्यांपैकीं एक नोंद खोटी ठरविण्याचें कारण नाहीं. उद्यांचा संशोधक आमच्या टिपणांवरून असाच घोटाळ्यांत पडणार आहे. म्हणून प्रत्येक नोंदींत पंथ व पंचांग लिहून ठेवावें.

खानदेशास कालगणनेची ही सरमिसळ नवी नाहीं. फारुकी राजवटीच्या अखेरच्या पर्वांत बऱ्हाणपूर येथें आदिलशहा फारुकीनें जामा मशीद बांधिली. आज तें शहर मध्यप्रदेशांत आहे. त्या काळीं तें खानदेशाची राजधानी होतें. त्या मशिदींत अरबीबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे, आणि त्यांत विक्रम संवत् १६४६ व शके १५११ अशीं दोन्ही वर्षें देऊन मिति पंचांगाच्या रीतीनें कोरली आहे. अकबरानें १६०१ सालीं अशीरगड घेऊन फारुकींचें राज्य बुडविलें, तरी लेख राहिला. मुसलमान राजानें मशिदीवर पौषाची तिथि घातली, आणि पुढें ब्राह्मण कारकुनांनीं आपल्या पत्रांवर मोहरमची चांदरात घातली. दोघांसहि त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. हीं दोन साधनें शेजारीं ठेवून वाचलीं पाहिजेत.

(५) तंट्याचे कागद

शेवटचा आणि सर्वांत ठळक कागदांचा वर्ग दंग्यांचा. १८९३ च्या जुलैंत मोहरमच्या दिवसांत प्रभासपाटण येथें दंगा झाला, आणि ऑगस्टांत त्याचे पडसाद मुंबईंत उमटले. पुढच्या सालीं पुण्यांतील पुष्कळ हिंदूंनीं ताबुतांवर बहिष्कार घातला व सार्वजनिक गणेशोत्सवास जोर चढला. या घटनांवर सरकारी अहवाल, वर्तमानपत्रें व खटले यांचा ढीग आहे. त्यांतून मोहरम ज्यास प्रथम भेटतो, त्यास तो मिरवणुकीच्या वाटेचा वाद म्हणूनच भेटतो.

खानदेशांत हीच गोष्ट धुळ्याच्या बाबतींत दिसते. १८९५ सालीं जुन्या धुळ्यांत गणपतीची मिरवणूक मशिदीवरून जात असतां तंटा झाला, गोळीबार झाला, माणसें मेलीं. तेव्हांपासून ती मशीद "खुनी मशीद" आणि तो गणपती "खुनी गणपती" या नांवानें ओळखला जातो. परंतु पुढें काय झालें ? विसर्जनाच्या दिवशीं त्या गणपतीची पालखी त्याच मशिदीपुढें थांबते, आणि मशिदीचे लोक तिच्यावर फुलें उधळून तिचें स्वागत करतात, ही चाल पडली व टिकली. नांव एका दिवसाचें आहे. चाल त्यानंतरच्या पिढ्यांची आहे. त्या एका दिवसाचा कागद झाला. फुलांचा हिशेब कोणीं ठेवला? अभिलेखालयांत शोधणाऱ्यास १८९५ सांपडेल, आणि त्यापुढील शांततेचीं वर्षें त्यास रिकामीं वाटतील.

आम्ही तंटे झांकूं पाहतों असा कोणाचा ग्रह होऊं नये. मे १९७० मध्यें जळगांवीं भीषण दंगल झाली. तिची चौकशी मादन आयोगानें केली. धुळ्यांत २००८ व २०१३ सालीं दंगे झाले. हें सारें इतिहासांत राहिलें पाहिजे, आणि तें राहीलच, कारण त्याचे अहवाल आहेत. आमचें म्हणणें एवढेंच कीं, अहवाल ज्या दिवसांचे आहेत त्या दिवसांवरून उरलेल्या दिवसांचा स्वभाव ठरवूं नये. २०१८, २०१९ व २०२० या तीन लागोपाठच्या सालीं आशुरा गणेशोत्सवाच्या दिवसांत आली होती. २०२३ सालीं ईद-ए-मिलाद व अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबर या एकाच दिवशीं आलीं, तेव्हां मुसलमान पुढाऱ्यांनीं आपल्या मिरवणुकी दुसऱ्या दिवशीं काढण्याचें ठरविलें, आणि राज्य सरकारनें ईदची सुटी २९ तारखेवर नेली. ही तडजोड गांवोगांवच्या बैठकींतून झाली. सरकारी सुटीचा हुकूम राहील. बैठकींत कोण काय बोललें, वाट कोणीं सोडली, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं लिहिलें नाहीं तर तें बुडेल.

(६) संग्राहकांस विनंति

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळें येथेंच वारले, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ पुढच्याच वर्षीं तेथें उभें राहिलें. ज्या मुलुखानें रद्दींतून कागद वांचविण्याचा धडा घालून दिला, तेथें आमच्या या विनंतीस नवें असें कांहींच नाहीं. फक्त कोणती रद्दी, तेवढें सांगतों.

ताबुताच्या खर्चाच्या वह्या मिळाल्यास टाकूं नयेत. कामट्या, खळ, कागद, बेगड, ऊद व सरबताची साखर यांच्या नोंदींत वर्गणी देणाऱ्यांचीं नांवें असतात, आणि गॅझेटियरच्या खणांतून सुटलेला सर्व गांव तेथें एका पानावर भेटतो. मर्सिये व रिवायती यांच्या वह्या, त्या उर्दू लिपींत असोत वा देवनागरींत, नकलून घ्याव्यात. काजी, खतीब व मुलाणी यांच्या वतनाच्या सनदा व महजर जमिनीच्या वादासाठीं जपले जातात. त्यांत ईदची नमाज, खुतबा, दिवाबत्तीचें तेल यांविषयींचीं कलमें असलीं तर तीं आवर्जून उतरावींत, कारण सणाचा निर्वेध उल्लेख मिळण्याची जागा तीच. धातूच्या पंज्यांवर अक्षरें कोरलेलीं असल्यास मालकाच्या परवानगीनें ठसा घ्यावा. पंजा हलवूं नये, विकत तर मुळींच मागूं नये. ती संग्रहाची वस्तु नसून कोणाच्या तरी श्रद्धेची आहे. आणि जेथें ताबूत बंद झाले आहेत तेथें ते कोणत्या सालीं व कोणत्या कारणानें बंद झाले, हें वडील माणसांस विचारून लिहावें. उलेमांच्या उपदेशानें बंद झाले असल्यास तसें लिहावें. त्या उपदेशावर टीका नको आणि स्तुतीहि नको.

प्रत्येक टिपणावर गांव, पंथ, हिजरी तारीख, इंग्रजी तारीख आणि सांगणाराचें नातें, एवढ्या पांच गोष्टी असाव्यात. सांगणाऱ्यानें नांव छापूं नका म्हटल्यास तें छापूं नये. असें दहा-वीस गांवांचें टिपण जमलें तर खानदेशच्या मोहरमचें पहिलें स्वतंत्र प्रकरण लिहिण्यास सुरुवात करतां येईल. आणि तें लिहिण्यास त्याच समाजांतील कोणी माहीतगार पुढें आले, तर पहिलें स्थान त्यांचें राहील.